पत्रिकेएवढा गॅप

माझी सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. भाऊभाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, तिथं आम्ही साखळी घेऊन जायचो, हद्दीचे दगड रोवायचो आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत यायचो. वीतभर जागा इकडची तिकडं होऊ दिली नाही, असा माझा लौकिक आहे. निदान मी तरी तसं सांगत फिरतो. अशा माणसानं स्वतःच्या गाडीतले तीन प्लग मोजताना काय दिवे लावले, ते आता सांगतो. मीच सांगितलेलं बरं, कारण वडवणीत निम्म्या लोकांना ते आधीच कळलंय आणि ते मीठमसाला लावून सांगतात.

गाडी म्हणजे पंधरा वर्षांची, पेट्रोलची, तीन सिलिंडरची छोटी चारचाकी. रिटायर झाल्यावर जुनीच घेतली. तिची काही तक्रार नव्हती, हे आधी नीट लक्षात घ्या. किल्ली फिरवली की सुरू व्हायची, बीडला जाऊन यायची, घरासमोरच्या लिंबाखाली गुमान उभी राहायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मग मी तिच्यात हात कशाला घातला? तर आक्कासाठी.

आक्का माझी थोरली बहीण, कड्याला दिलेली. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी आणायची असते आणि तिला आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. वडील गेल्यापासून मुराळी मीच. दरवर्षी वडवणीहून एसटीनं बीड, बीडहून कडा, आणि येताना आक्काची फुगलेली पिशवी माझ्या मांडीवर. इतकी वर्षं कधी खंड पडला नव्हता. मग पडला. सलग दोन पंचम्या मी गेलो नाही. का गेलो नाही, हे सांगायची मला आजही लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय गाडीचं दुखणं कळायचं नाही.

दोन वर्षांमागं आक्काच्या मुलीचं लग्न निघालं. एकुलती एक भाची. पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी माहेराला, म्हणून आक्का स्वतः पत्रिका घेऊन आली. बायकोनं पाणी दिलं, ते प्यायच्या आधी तिनं वाटी मागितली, हळदीकुंकू कालवलं आणि पत्रिकेच्या कोपऱ्यांना बोटं लावली. वरच्या पानाला लावली, आतल्या पानांना लावली. आक्काचा हात आधीच सढळ, त्यात पोरीचं लग्न. पत्रिका पार ओलीगच्च झाली. "जोडीनं आठ रोज आधी यायचं," ती म्हणाली, "आन् पत्रिका नीट वाच बरं का भाऊ."

मी नीट वाचली. म्हणजे मोजली. आमच्या भागातल्या लग्नपत्रिका आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. हाताला चांगल्या वजनदार लागतात, वर देव, आत नवरानवरी आणि त्याच्या पुढच्या पानावर पुढाऱ्यांची जत्रा. या पत्रिकेत सदतीस नावं होती. मी दोनदा मोजली. त्यात शेजारच्या गावचा एक माजी सरपंच होता, ज्याला नवरी कोणती आणि करवली कोणती एवढंही सांगता आलं नसतं. मामा म्हणून माझं नाव मात्र कुठंच नव्हतं. पान उलटलं, पाठीमागं नुसती वेलबुट्टी.

आता एखादा शहाणा माणूस काय करील? फोन उचलील आणि विचारील. मी पडलो मोजणीवाला! जन्मभर लोकांना "आधी कागद नीट बघा, मग भांडा" म्हणून झापलं आणि स्वतःचा कागद ड्रॉवरात टाकून, वर जुन्या नियमांची दोन जाडजूड पुस्तकं ठेवून मूग गिळून बसलो. बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं दोन मिनिटांत निकाल लावला असता, आणि मला तर रुसायचं होतं.

लग्नाला गेलो. मामा म्हणून भाचीला मांडवात आणलं, कारण त्यात पोरीचा काय दोष. अक्षता पडल्या आणि मी पंगतीला न बसता सरळ एसटी गाठली. मुलीच्या मामानं तसं उपाशी निघून जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. आक्का मांडवातून स्टँडपर्यंत आली होती, असं नंतर कळलं. तोवर एसटी सुटली होती. पुढं तिचा फोन यायचा, "काय चुकलं रे आमचं?" मी म्हणायचो, "काही नाही." ती म्हणायची, "मग कावून असा वागतो?" मी पुन्हा म्हणायचो, "काही नाही." असा मी माणूस.

यंदा आषाढात पुन्हा फोन आला. या वेळी तिनं काय चुकलं ते विचारलं नाही. "भाऊ, साठी झाली मला," म्हणाली. "औंदा मुराळी आला तर यीन. न्हाई आला तर न्हाई. पर मग पुन्हा कधी विचारणार बी न्हाई. समजंन की माहेर संपलं."

भांडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती सरळ बोलत होती. मी एकदम म्हणालो, "येतो. नागचवथीला येतो. गाडी घेऊन येतो." गाडीचा विषय कुणी काढला नव्हता, ती माझी फुशारकी. पण फोनवर मला ऐकू आलं, आक्का कुणाला तरी ओरडून सांगत होती, "माझा भाऊ येतोय! सोताच्या गाडीनं!" झालं. आता चढलेल्या घोड्यावरून उतरणार कसं?

इतक्या लांबचा रस्ता, मध्ये चढउतार, शेजारीण-पाजारीण बघणार. गाडी कशी पाहिजे? टकाटक. मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ बघितले आणि मला वाटू लागलं की हे तर काहीच नाही. तीन नवे प्लग आणले, नवा एअर फिल्टर आणला, इंजिनाच्या घशातली काजळी काढायचा फवारा आणला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आवं, चालतीय ती गाडी कावून खोलता?" मी तिला ट्यून-अप म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती आत निघून गेली.

फिल्टर बदलला. काजळी साफ केली. प्लगवर आलो. नव्या प्लगच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं की गॅप लावूनच दिलेला आहे. गॅप म्हणजे प्लगच्या टोकाला ठिणगी पडायला जी बारीक फट असते ती. पण दुसऱ्यानं मोजलेलं मी जन्मात कधी मान्य केलंय? आमच्या खात्याच्या जीपवर एक चकलांब्याचा डायव्हर होता. तो प्लग साफ करताना खिशातून कुणाची तरी लग्नपत्रिका काढायचा, फटीत घालायचा आणि म्हणायचा, "साहेब, पत्रिका जराशी अडकत निघाली, की समजायचं गॅप बरोबर." मला ते लई आवडायचं. पण तो ज्या पत्रिका वापरायचा, त्या म्हणजे एक साधा कागद, मधून घडी घातलेला. हा फरक माझ्या डोक्यात आला नाही. इतकी वर्षं मापं घेतली, पण माप कशानं घेतोय ते बघायचं राहून गेलं.

घरात पत्रिका शोधली तर एकच निघाली. ड्रॉवरातली, पुस्तकांखाली दबलेली, भाचीच्या लग्नाची. म्हटलं, चला, हिचा एवढा तरी उपयोग होऊ दे! बायकोची शिवणाची कात्री घेतली आणि पुढाऱ्यांच्या पानाची कडेची एक पट्टी कापली. कात्री चालेना. दोन्ही हातांनी दाबावं लागलं. पान इतकं जाड कसं, असा प्रश्न पडला होता, खोटं कशाला बोलू. पण उत्तरही लगेच तयार होतं: इतके पुढारी पेलायचे म्हणजे पान जाड पाहिजेच. पट्टी फटीत जाईना, म्हणून पकडीनं फट वाकवून मोठी केली. तिन्ही प्लग असे मापात बसवले आणि हात पुसले.

किल्ली फिरवली. वा! उभ्या जागी गाडी अशी गोड चालली की मी बायकोला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, "आधी बी अशीच चालत व्हती."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. म्हटलं, गाडी जरा लोकांना दाखवू. चौकातून वळायला निघालो, समोरून एसटी येत होती, तिच्या आधी सुटावं म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं विचार केला. खरंच सांगतो, मधोमध थांबून विचार केला. मग एक ठसका दिला, दुसरा दिला, आणि माझी मान पुढं-मागं हलवत एकदम सुटली. एसटीच्या डायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं, "ओ काका, गाडी हाय का रुसलेली नवरी?" भाजीच्या पालावर एक म्हातारा बसला होता. त्याच्या बांधाची मोजणी मीच केली होती आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेला होता. त्यानं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "साहेब, जरा मोजून चालवा!"

माझा पारा जो चढला! पण राग कुणावर काढणार, म्हणून पेट्रोलवर काढला. म्हटलं, पेट्रोलच खराब असणार. दुसरीकडचं भरलं. गाडी तशीच. उभी असली की लोण्यासारखी, सावकाश नेली तरी ठीक, पण जोर मागितला, चढ लागला, की ठसके. मग फिल्टरवर संशय घेतला. नवा काढून जुना घातला. तसंच. पुन्हा फवारा मारला, अर्धा माझ्या शर्टावर. तसंच. प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील म्हणून तपासल्या, तर त्या बरोबर. पेट्रोलचा बारका फिल्टर बदलून आणला. तसंच. प्रत्येक वेळी मी तेलगावच्या रस्त्याला जायचो आणि ठसके खात परत यायचो. रस्त्याकडेच्या शेतातल्या बाया खुरपं थांबवून बघायच्या. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी मी यायच्या आधीच बघायला सुरुवात केली.

एवढं सगळं तपासलं, पण प्लगच्या गॅपला हात लावला नाही. तो मी स्वतः मोजला होता ना!

नागचवथ उजाडली. आक्काला आणायचा दिवस. बायको सकाळीच दुसऱ्या दिवसाच्या भाज्या चिरून ठेवत होती, कारण पंचमीला काही चिरायचं-कापायचं नसतं, तवा चुलीवर ठेवायचा नसतो. मी बॉनेट उघडून त्याच्यात डोकं घालून उभा. ती विळीवरूनच म्हणाली, "एसटीनं जा की. तिला भाऊ पाह्यजे, गाडी न्हाई."

"गाडीनं येतो म्हणून सांगितलंय!"

"अन् न्हाईच गेलात तर काय सांगणार हाय?"

मी बॉनेट आपटलं. आपटलं ते बोटावर. पण तिचं बोलणं त्याहून जास्त लागलं. आक्का सगळ्यांना मान वर करून सांगून बसली होती की भाऊ येतोय. आज मी पोचलो नाही तर ती दार लावून आत बसणार आणि पुन्हा फोन करणार नाही, हे मला माहीत होतं. ती बोलली तसं करते. रुसून फुगून बसणारा आमच्या घरात मी एकटाच.

मग शेपूट घातली आणि बीड रोडवरच्या मिस्त्रीकडं गेलो. चाळिशीचा माणूस, बोलायला सावकाश. त्यानं बॉनेट उघडायची घाईच केली नाही. स्टूल सरकवलं आणि विचारलं, "साहेब, तुमी हात लावायच्या आधी गाडी नीट चालत व्हती?"

"एकदम."

"मग सोपं हाय. तुमी काय काय केलं ते सांगा, आपण उलटं करत जाऊ."

मी सगळं सांगितलं. फिल्टर, फवारा, वायरी, पेट्रोल. प्लग बदलले हेही सांगितलं, पण गॅपचं बोललो नाही. तो ऐकत राहिला. मग गाडीत बसून एक चक्कर मारून आला. "उभ्याला नीट, जोरात मिसिंग," म्हणाला. "जोर दिला की आत दाब वाढतो. ठिणगी लांब उडी मारायला गेली की इझती. प्लगचा गॅप कुणी लावला?"

"कंपनीचा होता."

"होता?"

"मी जरा सुधारला."

"कशानं?"

आता काय सांगू? डिकीतल्या टूलच्या डब्यातून ती पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. पत्रिकेची हकीकत सांगितली, चकलांब्याच्या डायव्हरचं नाव पुढं केलं. मिस्त्री हसला नाही, एवढे त्याचे उपकार. त्यानं प्लग काढला, पातळ पोलादी पात्यांचं माप घातलं आणि म्हणाला, "इथं मिलिमीटर सुदिक नको. तुमी दीड केलाय. कोणत्या गावची पत्रिका म्हणायची ही, एवढी जाड?" असं म्हणत त्यानं पट्टी बोटांत धरून वाकवली.

पट्टी मधून उकलली. एकाच्या दोन झाल्या.

"साहेब, ही दोन पानं हायत. चिकटलेली. हे बघा, हळदीचा डाग. अन् आत सोनेरी छापलंय की कायतरी."

मी बघितलं. सोनेरी अक्षरं होती, दोनच, मोठ्या टायपात. बाकीची कापल्यामुळं पलीकडं राहिलेली. ती दोन अक्षरं माझ्या आडनावाची शेवटची होती.

मिस्त्री प्लगांचे गॅप ठोकून बारीक करत होता, तेवढ्यात मी चालत घरी आलो. धावत म्हणायलाही हरकत नाही, पण या वयात लोक विचारतात कोण गेलं म्हणून. ड्रॉवर उघडलं. पत्रिका घेतली. पुढाऱ्यांच्या पानाच्या कोपऱ्यात बोथट सुरी घालून हळूहळू सोडवलं. आक्काच्या ओल्या हळदीकुंकवानं दोन पानं एकमेकांना धरून बसली होती, आणि वर दोन वर्षं माझ्या नियमांच्या पुस्तकांचं ओझं. चर्र आवाज करत पान सुटलं.

आत एक अख्खं पान होतं. वर 'माहेरचा मान' एवढंच. खाली 'नवरीचे मामा' आणि त्याच्या खाली एकच नाव, माझं. ना पुढारी, ना भाऊबंद, ना दुसरं कुणी. सोनेरी अक्षरांत, बोटभर उंचीचं. आणि उजवीकडून कापलेलं. सरळ रेषेत, माझ्या हातानं.

बायको मागं येऊन उभी राहिली. तिनं पान वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पान वाचलं. "ह्याच्यावरून?" म्हणाली. "ह्याच्यावरून जेवला न्हाईत तुमी?" मी मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतीय. कसलं काय, हसत होती! हसता हसता भिंतीला टेकली आणि मग खरंच डोळे पुसायला लागली. "निघा आता," म्हणाली. "आन् ते पान संगं घ्या."

मिस्त्रीनं गाडी तयार ठेवली होती. निघताना तो म्हणाला, "साहेब, पुढच्या टायमाला मापाला पत्रिका नको." मी म्हटलं, पुढची वेळच येणार नाही.

बीड गेलं, पुढचे चढ आले. एकाही चढावर गाडीनं ठसका दिला नाही. दाबला ॲक्सिलरेटर की निघाली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण सगळ्या रस्त्यानं मी मनातल्या मनात आक्काला काय सांगायचं ते जुळवत होतो आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. शेजारच्या सीटवर पत्रिका होती. खड्डा आला की ती उघडायची.

कड्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आक्का ओट्यावर बसलेली, नवं लुगडं, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, शेजारी फुगलेली पिशवी. सकाळपासून तशीच बसलीय, असं दाजींनी हळूच सांगितलं. शेजारच्या दोघी-तिघी दारात आल्या. आक्का उठली, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि त्यांना म्हणाली, "बघा, आला का न्हाई?" माझ्याकडं तिनं अजून बघितलं नव्हतं.

मी आत जाऊन पाणी पिलो. मग पत्रिका तिच्या हातात दिली आणि जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "आक्का, मी हे पान बघितलंच नाही. चिकटलं होतं. माझं नावच नाही म्हणून मी..." साठीला टेकलेला मी, पोरासारखा उभा तिच्यासमोर.

ती पान हातात धरून खाली बसली. दाजी बाहेर निघून गेले.

"मला वाटलं," ती म्हणाली, "ते पान बघूनच तुला राग आला."

"म्हणजे?"

"येगळं पान काढलं म्हणून. सगळ्यांच्यात बसवायचं सोडून भावाला एकट्याला बाजूला टाकलं, असं वाटलं असंल तुला. ह्यांचे भाऊबंद म्हणत व्हते, मामाचं नाव खाली बारीक टाकू. मी म्हणलं, न्हाई, माझा भाऊ त्या रांगंत बसायचा न्हाई, त्याला सोताचं पान पाह्यजे. भांडून काढलं रे ते पान. मग तू जेवला न्हाईस, तवा वाटलं, मीच येडी. कशाला काढलं!"

दोन वर्षं. दोन वर्षं ती कड्यात बसून त्या पानाला दोष देत होती आणि मी वडवणीत बसून ते पान नाही म्हणून दात-ओठ खात होतो. माझ्या डोळ्यांना धार लागली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, रगडून.

मग पानाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "हे कापलं कुणी?"

मी सांगितलं. प्लगपासून सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली, आणि दारातल्या शेजारणींना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. ती माझी शिक्षा असावी. कापलेली पट्टी खिशात होती, दोन तुकडे, ऑइलनं काळे झालेले. तिनं सोनेरी तुकडा मागून घेतला, दाजींच्या ताटातलं भाताचं शीत घेतलं आणि पानाला जोडला. अक्षरं थोडी वरखाली बसली. "चालंल," म्हणाली.

निघालो. धामणगावच्या पुढं चहाला थांबलो. मी भजी मागवली, तिच्यापुढं सरकवली. तिनं परत सरकवली.

"खा की."

"आज चवथ हाय. भावाचा उपास."

हे मी कसं विसरलो? चवथीचा उपास बहिणी भावासाठीच करतात. माझ्यापर्यंत फक्त पंचमीच्या पुरणाचे दिंड पोचायचे. भजीची बशी मी बाजूला सारली. विचारू की नको करत शेवटी विचारलंच, "मागची दोन वर्षं?"

"केला की."

"मी येत नव्हतो तरी?"

"उपास काय विचारून करत्यात व्हय?" ती म्हणाली, आणि उठून गाडीत जाऊन बसली.

मी मागोमाग गेलो. किल्ली घातली. ती मांडीवर पत्रिका उघडून, जोडलेल्या तुकड्यावर अंगठा दाबून धरून बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "चल आता, काढ गाडी. अन् उद्या पंचमी हाय. कायबी कापायचं नसतंय, एवढं ध्यानात ठेव."